थंडीला न भिणारी केळ आणि आपलं काळं रान



शेवगाव-पाथर्डीकडच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न निघतो. "भाऊ, कपाशीत काही उरत नाही. थंडीला न भिणारी केळीची रोपं आलीत म्हणतात. लावावी का?"

रोपं विकणाऱ्याचं एक वाक्य खरं आहे. थंडी सोसणारी केळ जगात आहे. मुसा बास्जू तिचं नाव. जपानात ती धाग्यासाठी लावत. इंग्लंडात हौशी लोक अंगणात शोभेला लावतात. कडक हिवाळ्यात तिचं खोड जळतं, गवताखाली झाकलेला कंद तेवढा जगतो आणि पुन्हा फुटतो. पण केळ घड टाकते ती तीसेक पानं काढून झाल्यावर. दरसाल खोडच गेलं तर घड कुठून येणार? आलाच तर फळ बारकं, बियांनी भरलेलं. ते काय आडत्याच्या डोक्यावर मारायचं?

बाजारात खपते ती ग्रँड नैन. पारा १६ अंशांखाली गेला की तिचं पान निघणं मंदावतं, १० च्या आसपास वाढच थांबते. जळगावकडे याला चरका म्हणतात. तिथल्या केळीच्या हवामान आधारित विम्यात सलग तीन दिवस ८ अंश किंवा कमी तापमानाला भरपाई ठेवावी लागली, ती उगीच नाही. आणि नगरची थंडी किती, हे पहाटे ज्वारीला दारं धरणाऱ्याला मी काय सांगू?

मग जळगावात केळी होते कशी? तापीकाठची जमीन खोल, गाळाची, निचऱ्याची. बागेभोवती शेवरीचं कुंपण करून वारा अडवतात, थंडीच्या रात्री हलकं पाणी देतात. ओल्या जमिनीत ऊब टिकते. आपल्या चिकण रानात हाच उपाय उलटतो. पाणी मुरत नाही, मुळाला हवा मिळत नाही, मूळ कुजतं. कपाशीची सोटमुळी खोल जाते. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात. प्रवरेच्या कालव्याखाली चिबड आणि चोपण झालेली रानं पाहून या, काळ्या मातीला पाणी जास्त झालं की काय होतं ते कळेल.

आता हिशेब. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ झाडं. उन्हाळ्यात झाडाला रोज २० लिटर धरलं तर जवळपास ३५ हजार लिटर. दहा हजारी टँकरचे साडेतीन, रोज, एका एकराला! ज्या गावात मे महिन्यात प्यायला टँकर येतो तिथे ही रोपं विकणं म्हणजे दिवसाढवळ्या खिसा कापणं. ज्वारी बुडाली तरी कडबा हाती येतो. केळी बुडाली की कर्जच उभं.

नाथसागराच्या फुगवट्याला ज्याचं पाणी पक्कं आहे, त्याने आधी दोन फूट खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच दिसलं तर केळीचं नाव काढू नये. मुरलं तर उंच गादीवाफे, खालच्या अंगाला चर, उत्तरेला शेवरी. लागवड मृगात, ऑक्टोबरची कोवळी रोपं थेट थंडीच्या तोंडी जातात.

राहुरी कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र जळगावात आहे. विक्रेत्याला विचारा, तुझ्या वाणाची शिफारस त्यांनी केलीय का? पक्क्या पावतीवर वाणाचं नाव आणि 'थंडीला टिकेल' एवढे शब्द लिहून माग. नाही म्हणाला तर त्याला पुढच्या बैठकीला घेऊन या.