साध्या जेवणासाठी लागणारी सवड

रविवारी नागपूर, अमरावती, चंद्रपूर या गावांहून सेवाग्रामला येणाऱ्या माणसांत निव्वळ श्रद्धेने येणारे थोडे असतात. चार घटका स्वस्थ बसावे म्हणून येणारे पुष्कळ असतात. ते आदिनिवास पाहतात, बापूकुटीच्या गारव्यात टेकतात, आवारातील जुन्या झाडांखाली हिंडतात. जवळच्या प्राकृतिक आहार केंद्रात साधे जेवण घेतात, संध्याकाळी उघड्या आकाशाखालच्या प्रार्थनेला थांबतात आणि परत जाताना एकमेकांना सांगतात, की फार बरे वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धावपळ, तोच भोंगा, उभ्याउभ्या घेतलेला तोच चहा.

हे 'बरे वाटणे' राजकारणाच्या कक्षेबाहेरचे आहे, अशी आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांची समजूत आहे. वेतन, महागाई, जमीन, आरक्षण हे प्रश्न. फिरायला जाणे, निवांत जेवणे हा फावल्या वेळचा विषय, अशी ही विभागणी. आम्हांस ती मान्य नाही. माणसाला फावला वेळ असावा की नसावा, हाच समाजवादी चळवळीच्या जन्मकाळापासूनचा प्रश्न आहे. पॅरिस, शिकागो आणि मुंबई येथील कामगारांनी भाकरीइतक्याच आग्रहाने ती खाण्याचा वेळ मागितला होता.

शहरातील सामान्य माणसाचा आनंद मोठ्या गोष्टींवर अवलंबून नसतो. नागपुरात सकाळी ठेल्यावर उभे राहून खाल्लेले तर्री पोहे, वर्ध्यात चहाबरोबर घेतलेला गोरस पाक, आठवडी बाजारात अवचित हाती लागलेली अंबाडीची कोवळी जुडी, नगर वाचनालयात पंख्याखाली वाचलेले वर्तमानपत्र, नेहमीचा रस्ता सोडून नव्या गल्लीतून घरी परतताना दिसलेले एखादे जुने लाकडी घर : असल्या लहानसहान शोधांनीच शहर आपले वाटू लागते. नाहीतर ते नुसते मजुरीचे ठिकाण राहते. या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. त्यांना लागतात दोनच वस्तू. एक मोकळा वेळ आणि दुसरी सर्वांना खुली असलेली जागा. या दोन्ही वस्तू आज श्रमिकांच्या हातून निसटत आहेत, आणि म्हणूनच हा विषय अग्रलेखाचा आहे.

वेळ मिळवण्याचा इतिहास महाराष्ट्राला विसरता येणार नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातील एकही दिवस हक्काच्या विश्रांतीचा नव्हता. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत दोन ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत : रविवारी सुटी मिळावी आणि दुपारी जेवणासाठी अर्धा तास यंत्रे थांबावीत. आज ज्या अर्ध्या तासाला आपण क्षुल्लक समजतो, तो मागण्यासाठी हजारो माणसांना एकत्र यावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज शहरातील कुटुंब रविवारी सेवाग्रामच्या वाटेला लागते, ते लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारी.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री असताना कामाच्या तासांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची सोय, हे दोन्ही मान्य केले. म्हणजे जेवणाचा वेळ आणि जेवणाची जागा हे मालकाच्या दयेचे विषय राहिले नाहीत, कायद्याचे झाले.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२५ मधील महाराष्ट्र मंत्रिमंडळाच्या निर्णयाकडे पाहावे लागते. कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तास करण्यास त्या निर्णयाने मंजुरी दिली. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादाही ११५ वरून १४४ तासांवर नेली. आठवड्याची मर्यादा कायम राहील, जादा काम कामगाराच्या संमतीनेच होईल, असा खुलासा करण्यात आला आहे. कागदावर तो निर्दोष दिसतो. पण ज्याची नोकरी ठेकेदाराच्या वहीतील एका ओळीवर अवलंबून आहे, त्याच्या संमतीला अर्थ तो काय? नागपूर–वर्धा रस्त्यावरील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुणाचा दिवस मोजून पाहा. बारा तास पाळी, दोन तास जाणे-येणे, सात तास झोप. उरलेल्या तीन तासांत आंघोळ, स्वयंपाक, धुणे, मुलांची विचारपूस. यात वाचनालय कुठे बसवायचे? बाजारातून अंबाडी आणून ती निवडायची कधी? ज्याला भाजी निवडायलाही वेळ नाही, तो पुडक्यातले काहीतरी घशाखाली लोटतो, आणि मग आरोग्यखाते त्यालाच सकस आहाराचे व्याख्यान देते.

दुसरे दृश्य अधिक बोलके आहे. नागपूर-पुण्यासारख्या शहरांत दुसऱ्यांचे गरम जेवण पाठीवर घेऊन दुचाकीवरून धावणारी हजारो मुले आज दिसतात. जेवणाच्या वेळी ज्याला सर्वांत जास्त काम, तोच जेवायला मोकळा नसतो. त्याला मालक नाही, असे म्हणतात. भ्रमणध्वनीवरील एक अदृश्य मुकादम मात्र क्षणाक्षणाला त्याचा हिशेब ठेवतो. कोणाच्या तरी निवांत संध्याकाळीसाठी दुसऱ्या कोणाची तरी संध्याकाळ खर्ची पडते, हे या व्यवस्थेचे सार आहे. निवांतपणा ही विकत घेण्याची वस्तू झाली, की तो काहींच्या वाट्याला येतो आणि बाकीच्यांनी तो पुरवायचा असतो.

इथे सेवाग्रामचा विचार उपयोगी पडतो. मात्र तो भाबडेपणाने करू नये. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला आले. शेगाव या नावाशी होणारा टपालाचा घोटाळा टळावा म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आसपास मिळणाऱ्या माती-बांबू-कवेलूंची घरे, सामायिक स्वयंपाकघर, जातिभेद न पाहता बसणारी एक पंगत, त्या पंगतीत पुष्कळदा स्वतः वाढणारे गांधीजी, आणि आपले ताट आपण घासण्याचा नियम, असा तो संसार होता. अस्वाद हे एकादश व्रतांपैकी एक. मिरची-मसाल्यावाचूनची उकडलेली भाजी वैदर्भीय जिभेला रुचणे कठीणच होते, आणि समाजवाद्यांनी ते व्रत घ्यावे असा आमचा मुळीच आग्रह नाही. गरिबाच्या जेवणात चव हीच बहुधा एकमेव चैन असते. ठेच्याची ती चैन त्याच्याकडून काढून घेणारे आपण कोण?

गांधीजींच्या साधेपणावर त्यांच्या निकटवर्तीयांनीही विनोद केले. त्यांना गरिबीत ठेवायला फार खर्च येतो, हा सरोजिनी नायडूंचा म्हणून सांगितला जाणारा टोमणा सर्वश्रुत आहे. त्यात तथ्य आहे. शिवाय दुसरा, अधिक गंभीर आक्षेप असा, की ज्यांना साधेपणाशिवाय पर्यायच नाही त्यांना साधेपणाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. याच वर्धा जिल्ह्यात उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीच्या शिदोरीत भाकर आणि चटणी असते. ती काही तिने तत्त्वज्ञान म्हणून बांधून आणलेली नसते. निवडलेला साधेपणा आणि लादलेला साधेपणा ताटात सारखेच दिसतात. पण एकात स्वातंत्र्य असते आणि दुसऱ्यात लाचारी. हा भेद न करता जे भाकरीचे गोडवे गातात, ते जाणता-अजाणता विषमतेचेच समर्थन करतात.

मग सेवाग्रामच्या स्वयंपाकघरातून घ्यायचे ते काय? आमच्या मते, साधेपणापेक्षा सामायिकता. तिथे स्वयंपाक हे खालच्या माणसाचे काम नव्हते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने स्वयंपाक, सफाई, शेती, सूत यांना शिक्षणात स्थान दिले. मुलाला भाकरीचा जन्म कळला, म्हणजे ती थापणाऱ्या हातांची किंमत कळते, हा त्यातला समतेचा गाभा. १९७८ च्या जानेवारीत सेवाग्राम येथे झालेल्या परिषदेत इव्हान इलिच यांनी बापूकुटीवर भाषण केले. सामानसुमान साठवण्याची जागा आणि माणसाने राहण्याचे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा आजही विचार करायला लावणारा आहे. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंनी घर भरते, आणि हप्ते फेडण्यासाठी त्या घरातील माणूस सदा घराबाहेर राहतो.

ही सामायिकता आपल्याच घरात कितपत आहे, हेही विचारले पाहिजे. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. लोखंड्यांचा रविवार अजून स्वयंपाकघरात पोचलेलाच नाही. किंबहुना पुरुषाच्या सुटीच्या दिवशी बाईचे काम वाढते, कारण त्या दिवशी काहीतरी 'वेगळे' करायचे असते. सभेत समतेचा ठराव मांडून घरी येणाऱ्या आणि वाढलेल्या ताटावर बसणाऱ्या कार्यकर्त्याने आपले ताट आपण घासण्याचा सेवाग्रामचा नियम तरी उचलावा. त्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे, आणि चोरून मिळणाऱ्या दारूच्या तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत. बंदीचे समर्थन करताना एक प्रश्न आपण पुरेसा विचारला नाही : दमून आलेल्या माणसाने आपली संध्याकाळ घालवावी कुठे? सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्राने १९६७ सालीच केला. पण अपुऱ्या अनुदानावर कसेबसे तग धरणारे गावोगावचे वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडे कसे राहणार? उद्यानांना कुलपे किंवा तिकिटे, मैदानांवर मंगल कार्यालये, नाक्यावर बसायला एक बाक नाही. जिथे बसायला काही द्यावे लागत नाही, अशी जागा शहरात शोधावी लागते. गुत्ता मात्र शोधावा लागत नाही.

तिसरी गोष्ट जेवणाची, आणि इथे आपल्याकडे अभिमानाने सांगण्याजोगे अनुभव आहेत. हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'कष्टाची भाकर' केंद्रे चालवली. हमालाला स्वस्त, पोटभर आणि सन्मानाने जेवता यावे, एवढाच त्यांचा हेतू. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. याउलट सरकारी योजना पाहा. १९९५ च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली. पुढे अनेक केंद्रांच्या मोक्याच्या जागांवर भलतेच धंदे उभे राहिले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली; तिने अनेकांची भूक भागवली, पण अनुदान थकल्याच्या तक्रारी करण्याची पाळी केंद्रचालकांवर आली. सरकारने अशा योजना चालवल्याच पाहिजेत. मात्र ज्या जेवणामागे खाणाऱ्यांची किंवा रांधणाऱ्यांची संघटना उभी असते, ते सरकार बदलले म्हणून बंद पडत नाही, हा यातला धडा आहे.

यातून काही कामे स्पष्ट होतात. आठ तासांच्या दिवसाचा आग्रह कामगार संघटनांनी पुन्हा अग्रक्रमाने धरावा. तो त्यांच्यापुरता न ठेवता युवक आणि महिला संघटनांनीही उचलावा. जेवणाची सुटी प्रत्यक्षात मिळते की नाही, याची पाहणी प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कार्यकर्त्यांनी स्वतः करावी; घरपोच जेवण नेणाऱ्या मुलांनाही त्या पाहणीत धरावे, त्यांना टेकायला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह असलेले निवारे नगरपालिकांकडून मागून घ्यावेत. प्रभागातील बंद उद्यान उघडावे, वाचनालय संध्याकाळी चालू राहावे, यासाठी लहान वाटली तरी चिवट आंदोलने करावीत. अशा मागणीने वर्तमानपत्रात नाव छापून येत नाही. पण आपल्यासाठी बसायला बाक कोणी आणला, हे वस्तीतील माणूस विसरत नाही.

क्रांतीनंतर माणूस सुखी होईल, असे सांगून त्याचे आजचे सुख पुढे ढकलण्याची सवय आपल्याला फार वर्षे लागली आहे. पण समाजवादाचा अर्थ ज्याला कळायचा, त्याला तो बहुधा जाहीरनाम्यातून कळत नाही. काम वेळेवर सुटले, दिवस मावळण्यापूर्वी घर गाठता आले, दोघांनी मिळून रांधले, सर्वांनी एकत्र बसून खाल्ले आणि मग गावात एक फेरी मारता आली, तर त्याला तो कळतो. सेवाग्रामला जाऊन रविवारी जे बरे वाटते, ते बुटीबोरीच्या कामगाराला मंगळवारीही वाटले पाहिजे.