भंगार म्हणजे टाकाऊ नव्हे

शाळेत पर्यावरणाचा उपक्रम ठरवायचा म्हटले की हल्ली एक सूचना येते : मुलांना थंड पेयांचे रिकामे ॲल्युमिनियमचे कॅन आणायला सांगा, जो सर्वांत जास्त आणेल त्याला बक्षीस द्या. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. कॅन कचऱ्यात न जाता पुन्हा वापरात यावेत, असे मलाही वाटते. पण स्पर्धेची ही पद्धत मला मान्य नाही.

आधी कॅनचे मोल पाहू. ॲल्युमिनियम बॉक्साइटपासून मिळते. आपल्याच कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांत बॉक्साइट सापडते. एक किलो धातूसाठी साधारण ४ ते ५ किलो बॉक्साइट जमिनीतून काढावे लागते आणि त्यातून धातू वेगळा करायला १४ युनिटांच्या आसपास वीज लागते. जुनेच ॲल्युमिनियम वितळवले, तर या ऊर्जेतली सुमारे ९५ टक्के वाचते. धातूचा कसही कमी होत नाही, तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. एक कॅन भरतो जेमतेम १४ ग्रॅम. तेवढ्यात वाचणाऱ्या विजेवर ९ वॅटचा बल्ब अठरा-वीस तास चालेल. हे गणित पाचवीच्या मुलालाही फळ्यावर करता येते.

तसे पाहिले तर ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आपण अजून ‘जर्मनचे पातेले’ म्हणतो. त्याला भोक पडले तर कोणतीही दादी किंवा आजी ते उकिरड्यावर फेकत नाही. भंगारवाल्याची हाक येईपर्यंत ते खाटेखाली राहते आणि मग घासाघीस करून वजनावर विकले जाते. पुनर्वापर हा शब्द पुस्तकात येण्याआधीपासून हे चालत आले आहे.

मग स्पर्धेत वाईट काय? पहिले म्हणजे, बक्षीस कोणाला मिळणार? ज्याच्या घरी जास्त पेये विकत आणली जातात त्याला. ज्या घरात माठातले पाणी आणि लिंबाचे सरबत असते, ते मूल मागे पडणार. काही मुले तर नंबर यावा म्हणून कॅन विकत घ्यायला लावतील. उधळपट्टी कमी व्हावी म्हणून काढलेला उपक्रम उधळपट्टीलाच शाबासकी देऊन बसेल. इस्राफ टाळा असे आपण मुलांना वुजूच्या पाण्यापासून शिकवतो. शाळेने त्याच्या उलट धडा देऊ नये.

दुसरे म्हणजे, घरी कॅन नसले की मुले रस्त्यावर शोधतात. रस्त्याच्या कडेला पडलेल्या कॅनमध्ये बिअरचेही असतात. आपले मूल ते हातात घेऊन शाळेत जाते हे पालकांना रुचत नाही, आणि त्यांचे काही चुकत नाही. शिवाय चेपलेल्या पत्र्याची कड धारदार असते. गटारीतून कॅन काढणे हे मुलांचे काम नव्हे. घरातले आणि घरच्या कार्यातले कॅन तेवढे आणायचे, ही अट पहिल्या दिवशीच सांगितली पाहिजे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या मोहल्ल्यांतल्या शाळेत भंगाराच्या धंद्यावर चालणाऱ्या घरांतली मुले असतात. वडील हातगाडी घेऊन फिरतात, आई गोदामात माल निवडते. एखादा विद्यार्थी वीस कॅन घेऊन आला की त्याच्यासाठी टाळ्या वाजतात. ज्याचा बाप रोज पोतेभर आणतो, त्या मुलाला मात्र मधल्या सुट्टीत ‘कबाडी’ म्हणून चिडवतात. एकाच कामाला एका ठिकाणी पर्यावरणप्रेम म्हणायचे आणि दुसऱ्या ठिकाणी हिणवायचे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

मी दोन भाषा शिकवतो. मराठीत पिक्चर वाईट निघाला की तो ‘भंगार’, उर्दू-हिंदीत काम बिघडले की त्याचे ‘कबाडा’ झाले. टाकाऊ म्हणायला दोन्ही भाषांनी याच धंद्यातले शब्द उचलले. खरे तर भंगार म्हणजे ज्याला अजून भाव आहे असा माल. ज्याला भाव नाही तो कचरा. हा फरक भंगारवाल्याला नेमका कळतो, आपल्याला तो शिकावा लागतो.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्या बहुतेक सभासद दलित समाजातल्या स्त्रिया आहेत. आपले काम हे शहराच्या उपयोगाचे श्रम आहेत, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि ओळखपत्रे मिळवली. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांतही कचरावेचकांची दखल घेतली गेली. कायद्याने जे मानले, ते वर्गाने मानायला काय हरकत आहे?

म्हणून माझे म्हणणे असे. उपक्रम जरूर घ्या, पण बक्षीस ठेवू नका. सगळ्या वर्गाचे मिळून एकच पोते ठेवा. लोहचुंबक आणा : लोखंड चिकटते, ॲल्युमिनियम चिकटत नाही, हे मुलांनी स्वतः करून पाहावे. कॅन धुऊन, वाळवून, तराजूवर तोलून घ्यावेत. एका किलोत किती कॅन बसले ते वहीत मांडावे, सत्तरच्या आसपास आकडा येईल. मग मोहल्ल्यातल्याच एखाद्या भंगारवाल्याला शाळेत बोलवा, आणि गेटवर उभे न करता वर्गात पाहुणा म्हणून बसवा. पितळ आणि तांबे हातात घेताच कसे ओळखायचे, लोखंडाचा भाव वेगळा आणि ॲल्युमिनियमचा वेगळा का, माल पुढे कुठे जातो, हे त्याच्याइतके चांगले आम्ही बीएड झालेले शिक्षक सांगू शकणार नाही.

कॅन विकून हाती फार पैसे येणार नाहीत. खडू-डस्टरचा खर्च निघाला तरी पुष्कळ. पण त्या दिवशी एखादे मूल ‘हे काम माझे अब्बा करतात’ असे मान खाली न घालता वर्गात सांगू शकले, तर माझ्या लेखी उपक्रम यशस्वी झाला.