शीर सापडली नाही तर?

हृदय बंद पडलेल्या रुग्णाला अ‍ॅड्रेनालिन द्यायचे असते आणि नेमकी तेव्हाच शीर सापडत नाही. रक्ताभिसरण थांबले की शिरा रिकाम्या होऊन चपट्या पडतात. एरवी एका टोचणीत सलाईन लावणाऱ्या सिस्टरचेही तीन-तीन प्रयत्न फुकट जातात. कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी ही अडचण अधिक बोचते. रहिमतपूर, वाठार, पिंपोडे या बाजूंनी येणाऱ्या रुग्णाचा बराच वेळ आधीच वाटेत गेलेला असतो आणि साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय तिथून आणखी वीस-एक किलोमीटर पुढे.

यावर एक जुना तोडगा आहे. श्वास देण्यासाठी रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातलेलीच असते. त्याच नळीतून औषध फुप्फुसात सोडायचे. फुप्फुसातून औषध लवकर रक्तात जाते, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. 1967 मध्ये अमेरिकेत रेडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. पाण्यात पातळ केलेले अ‍ॅड्रेनालिन नळीतून दिले तरी थांबलेले हृदय पुन्हा सुरू होते, असे त्यांना आढळले. पुढची वीस-तीस वर्षे हे जगभर शिकवले गेले. अ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅट्रोपिन, लिग्नोकेन, नॅलोक्सोन ही नळीतून चालणारी औषधे आजचे कित्येक पन्नाशीचे डॉक्टर झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवतील.

मग त्यासाठी खास साधने निघाली. भिंतीतच औषधासाठी वेगळी बारीक वाहिनी असलेली नळी, किंवा नळीतून आत सरकवून औषधाचा फवारा उडवणारी जोडणी. अंबू बॅग न काढता औषध देता येते, हा त्यांचा फायदा. कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही. पण तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाने किंवा त्याला मदत करू पाहणाऱ्या कारखान्याने, पतसंस्थेने, गणेश मंडळाने यावर पैसे घालावेत का? नको.

कारण साधनात दोष आहे असे नाही, ती वाटच बेभरवशाची आहे. शिरेतून 1 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन देतात. नळीतून त्याच्या दोन ते अडीच पट, 5 ते 10 मिलिलिटर पाण्यात किंवा सलाईनमध्ये मिसळून द्यावे लागते. एवढे करूनही रक्तात किती पोचले, हे कुणीच सांगू शकत नाही. थोडेच पोचले तर रक्तवाहिन्या आवळण्याऐवजी सैल पडतात आणि हृदयाला मिळणारे रक्त उलट कमी होते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत शिरेतून औषध मिळालेल्यांपैकी शंभरात पाचजण बरे होऊन घरी गेले. केवळ नळीतून मिळालेल्यांपैकी एकही गेला नाही. ती काटेकोर तुलना नव्हती. ज्यांची शीर सापडत नाही ते मुळातच अधिक अत्यवस्थ असतात. तरीही हा फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांतून 2010 मध्ये ही वाट काढून टाकण्यात आली. अमेरिकेच्या सूचनांत ती अगदी शेवटचा पर्याय म्हणून उरली.

कोरेगाव भागापुरते आणखी एक कारण आहे. ऊस, आले, घेवडा पिकवणाऱ्या या पट्ट्यात कीटकनाशक पोटात गेलेले किंवा फवारताना विषबाधा झालेले रुग्ण येणारच. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीच्या विषावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे आणि ते नळीतून चालणाऱ्या यादीतही आहे. पण या विषबाधेत छाती स्रावांनी भरून घुर्रघुर्र वाजत असते. भरलेल्या विहिरीत तांब्याभर औषध ओतावे, तसा तो प्रकार होतो. शिवाय अ‍ॅट्रोपिन एकदा देऊन भागत नाही. छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जावे लागते. त्याला रक्तापर्यंतची सरळ वाटच पाहिजे.

ती वाट हाडात आहे. गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला नडगीचे हाड कातडीलगत सपाट लागते. तिथे जाड, आखूड सुई दाबून फिरवली की ती मज्जेत शिरते. मज्जेतल्या शिरा हाडाने धरून ठेवलेल्या असतात, त्यामुळे रक्तदाब शून्यावर गेला तरी त्या चपट्या पडत नाहीत. अ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅट्रोपिन, सलाईन, रक्त, सगळे तिथून जाते आणि मात्राही शिरेइतकीच. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धात वापरले गेले, मग बरेचसे विस्मरणात गेले. त्याला नव्याने चालना मिळाली ती भारतामुळे. जेम्स ओरलोव्स्की हे अमेरिकी डॉक्टर कॉलऱ्याच्या साथीत इथे आले होते. शिरा आटलेल्या रुग्णांना हाडातून सलाईन दिलेले त्यांनी पाहिले आणि 1984 मध्ये परत तिकडे त्याचा जोरदार पुरस्कार केला. जे तिकडच्यांनी इथे पाहून उचलले, त्याची सुई आपल्याच इमर्जन्सी ट्रॉलीत नसावी, हे काही बरोबर नाही.

शीर मिळत असेल तर पहिला मान शिरेचाच. मोठ्यांमध्ये थेट हाडातून सुरुवात केल्याने जास्त जीव वाचतात, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसलेले नाही. पण दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही, तर तिसरा हातावर करण्यापेक्षा नडगीवर करावा.

एका जागी मात्र नळीचे महत्त्व टिकून आहे. जन्मतःच न रडलेल्या, हृदयाचे ठोके मंदावलेल्या बाळाला नाळेतल्या शिरेत नळी घालेपर्यंत श्वासनलिकेतून अ‍ॅड्रेनालिनचा एक डोस देण्याची मुभा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सर्फॅक्टंट तर फुप्फुसातच द्यायचे असते. पण त्यासाठी साधी नळी आणि बारीक कॅथेटर पुरतो.

आता देणगीदारांसाठी. ब्रिटनमध्ये आठ हजार रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी अ‍ॅड्रेनालिन मिळालेले 3.2 टक्के महिनाभर जगले, न मिळालेले 2.4 टक्के. म्हणजे औषधाचा फायदा आहे, पण तुटपुंजा. वाटेपेक्षाही छातीवर पडणारे हात आणि वेळेत बसणारा विजेचा झटका यांचे पारडे कितीतरी जड आहे. करोनाच्या काळात यंत्रे आली, चालवणारी माणसे आली नाहीत, ही तक्रार राज्यभर ऐकू आली. तेव्हा रुग्णालयाला काही द्यायचेच असेल तर चालू स्थितीतला डिफिब्रिलेटर, छाती दाबण्याच्या सरावासाठी पुतळा आणि हाडात घालायच्या मोठ्यांच्या व लहान मुलांच्या सुया द्याव्यात. ड्रिलसारखे विजेवरचे यंत्र महाग पडते. हाताने फिरवायची सुईही काम करते. आणि सरावाला खर्च जवळपास नाही. कोंबडीच्या तंगडीचे हाड त्यासाठी जगभर वापरतात. रात्रपाळीच्या सिस्टर-ब्रदरना अशा पाच-सहा तंगड्या आणि एक दुपार मिळाली, की सुई हाडात शिरल्यावर हाताला लागणारा तो 'खट्' त्यांना ओळखता येतो.