वारा गेला कुठे?

मृग नक्षत्र तोंडावर आलं की आमच्या पारनेर भागात सगळ्यांत जास्त गर्दी कुठे होते, सांगा पाहू! लोहाराच्या भट्टीपुढे! कुणाला फाळ शेवटून हवा असतो, कुणाला खुरप्याला धार. गेल्या जूनमध्ये मीही घरची कुदळ घेऊन गेले, तर लोहारमामा कपाळाला हात लावून बसलेले.

"बाई, ब्लोअर फिरतोय, पण वाराच देईना. मोटार गेली जणू. आता नगरहून नवी आणायची. पैसं बी गेलं आन् दोन दिवस बी!"

भट्टीतलं लोखंड नुसतं काळपट लाल होत होतं. घण मारला तरी दबेना. घडवायचं तर ते नारिंगी-पिवळं व्हायला हवं, म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअस किंवा जास्तच. कोळशाला एवढी धग येते ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे. वारा कमी, तर धगही कमी.

मामांचा नातू माझ्याच वर्गात, चौथीत. तो म्हणाला, "बाई, पंखा फिरतोय, मग वारा जातो कुठं?" शाब्बास! हाच तर प्रश्न होता.

निखारे निवू दिले, प्लग काढला आणि मामांनी झाकण उघडलं. ब्लोअरचं घर गोगलगायीच्या शंखासारखं असतं. हवा मधल्या भोकातून आत शिरते, फिरती पाती तिला कडेला भिरकावतात, मग ती नळीतून भट्टीत जाते. इथे पात्यांच्या खोबणीत राख आणि उन्हाळ्यातली धूळ गच्च बसलेली! पाती भरून सपाट झाली, तर हवा भिरकावणार कशी? त्यातून एका बाजूला थर जास्त, म्हणून सगळा ब्लोअर थरथरायचा. अशा थरथरीने बेअरिंग लवकर झिजतं.

नातवाने दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक पातं खरवडलं. मोटार कोरड्या ब्रशनेच झाडली, पाण्याचा थेंबही लावला नाही. तेलाच्या भोकात मात्र दोनच थेंब. मामांनी मागे हौसेने भरपूर तेल ओतलं होतं, त्यालाच तर धूळ चिकटली होती! (हे मी त्यांना हळूच सांगितलं.)

मामा म्हणाले, "आमच्या आज्याचा भाता कातड्याचा. दर पावसाळ्याआधी त्याला तेल चोळायचा आन् उंदरांच्या भीतीनं उंच टांगायचा. ह्या ब्लोअरकडं कोण बघतंय!"

अमेरिका-कॅनडात थंडीत घर उबदार ठेवायला बऱ्याच घरांत भट्टी असते. तिच्यातही असाच ब्लोअर असतो. धूळ अडवायला गाळणी लावतात आणि ती काही महिन्यांनी बदलतात.

तुमच्या टेबलफॅनची पाती कधी पाहिलीत का? पाहायची असतील तर आधी प्लग काढा आणि जाळी घरातल्या मोठ्या माणसाकडूनच उघडून घ्या.

झाकण बसवून बटण दाबलं, तशी भट्टी घुमायला लागली आणि फाळ बघता बघता नारिंगी झाला. माझी कुदळ मात्र त्या दिवशी राहिलीच. पुढे तेवीस जण होते ना!