मालकी बदलली, हुकमत कोणाची?

भारताच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ साली घातलेला 'समाजवादी' हा शब्द काढून टाकावा, अशी मागणी करणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळून लावले. शब्द राहिला, परंतु त्याचा अर्थ राहिला आहे काय? एक पक्ष सांगतो की समाजवाद म्हणजे सरकारी कारखाने, सरकारी परवाने आणि सरकारी साहेब. दुसरा पक्ष सांगतो की समाजवाद म्हणजे स्वस्त धान्य आणि निवडणुकीच्या तोंडावर खात्यात पडणारे पैसे. पहिल्याने समाजवादाचा बागुलबुवा केला, दुसऱ्याने त्याची खिरापत केली. मूळ प्रश्न दोघांनीही टाळला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तो प्रश्न समजून घ्यावयाचा तर आधी भांडवलशाही म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. बाजार, व्यापार आणि नफा या गोष्टी भांडवलशाहीच्या कितीतरी आधीपासून आहेत. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई, स्वतःच्या मागावर लुगडे विणणारा कोष्टी, मुलाला हाताशी घेऊन किराणा दुकान चालविणारा गृहस्थ, यांपैकी कोणीही भांडवलदार नव्हे. तेथे साधनही त्यांचे आणि श्रमही त्यांचेच. साधन एकाच्या हाती आणि श्रम दुसऱ्याच्या अंगी, अशी जेथे फारकत होते. श्रम विकल्यावाचून एकाची चूल पेटत नाही आणि त्या श्रमातून मजुरीपलीकडे जे वरकड निर्माण होते, त्याचे काय करावयाचे हे केवळ दुसराच ठरवितो, तेथे भांडवलशाहीचा आरंभ होतो. तेव्हा समाजवाद आला की आपले दुकान जाणार, या धास्तीने रात्रीची झोप घालविणाऱ्या दुकानदाराने निश्चिंत असावे. त्याच्या दुकानाला आज धोका आहे तो मोठ्या भांडवलाचा.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २.५ लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मोडला आणि हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ज्या आवारांत सूत कातले, कापड विणले, तेथे पुढे कापडाहून जमिनीचे मोल अधिक झाले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला. गिरणी चालवावयाची की बंद करावयाची, नवी यंत्रे आणावयाची की जागेचा पैसा करावयाचा, हे ठरविताना ज्यांच्या घामाने ती जागा सोन्याची झाली त्यांचा शब्द कोठे होता? मालक दुष्ट होते म्हणून हे घडले, असे आम्ही म्हणत नाही. सज्जन मालकही असाच वागला असता. जमिनीत नफा अधिक असता कापड विणीत बसणारा मालक त्या व्यवस्थेत टिकत नाही. दोष स्वभावाचा नाही, अधिकाराच्या वाटणीचा आहे.

भांडवलशाहीने उत्पादन वाढविले नाही काय, असे कोणी विचारील. अवश्य वाढविले. तिच्या उत्पादनशक्तीचे वर्णन मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ च्या जाहीरनाम्यातच मोकळ्या मनाने केले आहे. समाजवादाची तक्रार उत्पादनाविषयी नाही. जे अनेकांनी मिळून निर्माण केले, त्याविषयीचा निर्णय मूठभरांनी का घ्यावा, एवढाच त्याचा सवाल आहे. वरकडीचा विनियोग ती निर्माण करणाऱ्यांना जबाबदार असलेल्या हातांनी व्हावा, हे समाजवादाचे सार होय.

म्हणूनच मालकाच्या जागी सरकार बसले की समाजवाद आला, हे आम्हांस मान्य नाही. १९८३ साली मुंबईतील १३ गिरण्यांचा कारभार केंद्र सरकारने हाती घेतला. परंतु २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या, तेव्हा त्या खाजगी गिरण्यांच्याच वाटेने गेल्या. पाटी बदलली, कामगाराचे स्थान बदलले नाही. सोव्हिएत रशियात तर जवळजवळ सारे कारखाने राष्ट्राचे होते. पण राज्यकर्त्यांना जाब विचारण्याचा अधिकार राष्ट्राला नव्हता. १९९१ साली ते राज्य विघटित झाले, तेव्हा 'आपल्या' म्हणविल्या जाणाऱ्या मालमत्तेच्या रक्षणासाठी कामगार रस्त्यावर आला नाही. जी कधी त्याची नव्हतीच, तिच्यासाठी तो का यावा?

मग सार्वजनिक मालकी आणि खाजगी मालकी यांत भेदच नाही काय? भेद आहे, आणि तो फार मोठा आहे. विमेदारांच्या पैशाचा अपहार होऊन कंपन्या बुडत होत्या, अशा काळात, १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. मुंबईच्या प्रश्नावर त्याच वर्षी मंत्रिपदावर पाणी सोडणारे देशमुख ते हेच. २४५ देशी-विदेशी कंपन्या आणि संस्थांचा व्यवसाय एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. पुढल्याच वर्षी या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे १ कोटीहून अधिक रुपयांचे भाग संशयास्पद रीतीने विकत घेतले. सरकारी मालकीतही घोटाळा झाला, असे टीकाकार म्हणाले आणि ते खरेही होते. परंतु पुढे काय झाले तेही सांगा! सत्तारूढ पक्षाचेच सभासद फिरोज गांधी यांनी लोकसभेत जाब विचारला, न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. खाजगी कंपनीत विमेदाराच्या वतीने असा जाब कोणत्या सभागृहात विचारता आला असता? चोरी दोन्हीकडे होऊ शकते. चोर पकडण्याचा जनतेचा हक्क एकीकडेच आहे. तो बजावला नाही तर राष्ट्रीयीकरण हे केवळ मालकाचे नामांतर ठरते.

सहकाराचीही हीच कसोटी लावली पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हा ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. एक सभासद, एक मत, हे तत्त्व आले. ही लहान क्रांती नव्हे. परंतु तो ऊस तोडतो कोण? बीडसारख्या कोरडवाहू मुलखातून मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड पाठीवर टाकून निघालेली जोडपी. नवराबायको मिळून तेथे एक 'कोयता' मोजला जातो. बाईला माणूस म्हणून स्वतंत्र मोजणीदेखील नाही! हंगामात सीमाभागातील आमच्या वाचकांनी या टोळ्या उसाच्या फडांत आणि पालांत पाहिल्या आहेत. सभासदांच्या यादीत त्यांचे नाव नसते, मग मत कोठून असणार? बागायतदारापुरता तो सहकार झाला. कोयत्यापाशी येताच तोच कारखाना मालक होतो. समाजवादाचे नाव घेऊन कारखान्याच्या निवडणुका जिंकणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

यास्तव आमच्या वाचकांनी पाट्या आणि झेंडे पाहून फसू नये. कारखाना खाजगी असो, सरकारी असो वा सहकारी असो, तीन प्रश्न विचारावेत. येथे संपत्ती कोण निर्माण करतो? तिचे काय करावयाचे हे कोण ठरवितो? आणि त्या ठरविणाऱ्यास निर्माण करणारा जाब विचारू शकतो काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येईल, तेथे कोणतीही पाटी लावली तरी तो समाजवाद नव्हे. घटनेतील शब्द न्यायालयाने राखला, त्याचा अर्थ राखणे मात्र न्यायालयाचे काम नाही. ते आपले आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या गावच्या कारखान्याच्या पुढल्या सर्वसाधारण सभेपासून, ऊसतोड्याचे नाव सभासदांच्या यादीत का नाही या सवालाने, व्हावयास हवा.