गाडी बापाच्या नावावर, चालवतो पोरगा

सोयाबीनचे पैसे हाती आले की घरात मोटारसायकलचा विषय निघतो. पोराच्या हौसेला लाखभर रुपये मोजणारा बाप विमा संपल्यावर मात्र 'बघू पुढच्या हंगामात' म्हणतो.

पोरगा तरुण म्हणून हप्ता जास्त, असं आपल्याकडे नाही. सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता वयावर नव्हे, इंजिनावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या गाडीला तो वर्षाला ७१४ रुपये, कर वेगळा. डीएपीच्या एका गोणीलाही याहून जास्त लागतात. नव्या गाडीबरोबर पाच वर्षांचा विमा येतो. विसर पडतो तो सहाव्या वर्षी. विम्याविना सापडलात तर पहिला दंडच २००० रुपये. आणि धडकेत समोरचा दगावला तर भरपाईपायी जमीन विकायची पाळी येते.

खरी मेख पुढंच आहे. हा विमा समोरच्यासाठी. मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, गाडी ज्याच्या नावावर आणि परवाना ज्याच्याकडे, त्यालाच लागू. गाडी बापाच्या नावावर असेल आणि पोराचं बरंवाईट झालं, तर त्यातून घराला काहीच मिळत नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनो, पोरगा अठराचा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. मग परवाना काढा आणि गाडी त्याच्या नावावर करा, नाहीतर त्याचा वेगळा अपघात विमा उतरवा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही येत्या ग्रामसभेत दहा मिनिटं या विषयाला द्यावीत.