दाखला हातात देऊन मुलाचा राग जात नाही

शाळेत हाणामारी झाली की पालकांना बोलावले जाते आणि बऱ्याचदा एकच वाक्य ऐकवले जाते, ‘दाखला घेऊन जा.’ चिखलोली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात काम करताना वस्त्यांतील आईवडील हेच सांगतात. पण दाखला दिल्याने मुलातली आक्रमकता संपते का?

आधी कायदा पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत हे संरक्षण संपते. नेमके याच वयात मुलांचे गट पडतात आणि मोबाईलवरची चिडवाचिडवी वर्गात येते. जात, रंग, भाषा, वडिलांचे काम यांवरून टोमणे मारले जातात. टोमणा मारणारा कुणाला दिसत नाही, हात उचलणारा सर्वांना दिसतो. मारणे चूकच आहे. पण शिक्षा एकालाच झाली, तर घरात पहिल्यांदाच दहावीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या मुलाचे शिक्षण तिथेच थांबू शकते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघड झाल्यावर शासनाने शाळांना सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश दिले. कॅमेरे हवेतच. मात्र कॅमेरा मारामारी टिपतो, तिच्यामागचे कारण टिपत नाही.

कारणापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग बिहारच्या नालंदा जिल्ह्यात तपासला गेला. तिथल्या सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांपैकी काहींत शिक्षकांवर, तर काहींत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांवर जबाबदारी दिली गेली. तक्रारपेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा आणि एकट्याने मन मोकळे करण्याची सोय, असे त्याचे स्वरूप होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही.

समाजकार्य, मानसशास्त्र शिकलेले तरुण-तरुणी आपल्या समाजात आहेत. त्यांनी शाळांकडे आणि नगरपालिकेकडे समुपदेशकाची मागणी लावून धरावी. दाखला देण्यापूर्वी दोन्ही बाजू ऐकाव्यात, असा लेखी अर्ज पालकांकडून द्यावा. टोमणा जातिवाचक असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे. मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करावा. शाळेबाहेर गेलेल्या मुलाला परत आणणे फार अवघड असते, म्हणून धावपळ दाखला निघण्याआधीच करायला हवी.